गाळलेला पंचम

हेमलताबाई आवळे यांच्या क्लासमध्ये पहिले दोन महिने गिटारच्या तारेला बोट लावायला मिळत नसे. मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, रशीदभाईंच्या दुकानावरच्या माडीत हा क्लास. नवीन पोरगं कोरी करकरीत गिटार पाठीला अडकवून मोठ्या ऐटीत जिना चढायचं, आणि बाई ती गिटार काढून घेऊन कोपऱ्यात उभी करायच्या. मग त्याला घेऊन पुन्हा खाली. रशीदभाई एखाद्या नव्या तंबोऱ्याची जवारी लावत, तारेचा झंकार जमवत बसलेले असायचे.

"भाई, खर्ज तेवढा छेडा," बाई म्हणायच्या. जाड तार घुमायची. "काय ऐकू आलं?"

"सा, टीचर."

"आणखी?"

पोरगं कावरंबावरं होऊन रशीदभाईंकडे बघायचं. ते मान खाली घालून कामात.

"पुन्हा," बाई म्हणायच्या.

असं चार-सहा दिवस चालायचं, आणि मग एखाद्या सकाळी त्या पोराचे डोळे मोठे व्हायचे. वाजतेय एकच तार, पण तिच्या आत वरचा पंचम आहे, आणि त्याच्याही वर, अगदी पुसट, गंधार आहे. कुणीही न छेडलेला. मग बाई खूश होऊन समजावून सांगायच्या. तार काही नुसती अख्खीच्या अख्खी थरथरत नाही. त्याच वेळी ती अर्ध्याअर्ध्यानेही थरथरते, तिसऱ्या हिश्श्याने थरथरते, पाचव्या हिश्श्याने थरथरते. तिसऱ्या हिश्श्यातून पंचम येतो, पाचव्यातून गंधार. "म्हणजे कॉर्ड कुणी शोधून काढलेली नाही. ती तारेच्या पोटातच असते. सा, ग, प. आपण ती बोटांनी वेगवेगळ्या तारांवर मांडतो, एवढंच. सा म्हणजे घर. ग शुद्ध असला तर घर हसतं, कोमल केला की तोंड पाडून बसतं."

"आणि प, टीचर?"

"प म्हणजे लग्नातले काका. असले की मांडव भरल्यासारखा वाटतो, नसले तरी लग्न लागतं. अडचण आली तर पंचम गाळावा, तो सा च्या पोटात असतोच, कान भागवून घेतो. गंधार मात्र कधी गाळायचा नाही. तो गाळलात तर ऐकणाऱ्याला हसावं की रडावं तेच कळत नाही."

हे वाक्य बाईंनी शेकडो मुलांना सांगितलं असेल. पुढे त्यांना ते फार महागात पडायचं होतं.

क्लासचा दुसरा नियम असा की कुठलाही स्वर आधी गळ्यातून काढायचा आणि मगच त्यासाठी बोट तारेवर ठेवायचं. सुरेल गाता आलं नाही तरी चालेल, पण आपण काय शोधतोय हे बोटाला आधी ठाऊक हवं. बाईंची धाकटी बहीण कुमुद हिची मुलगी यरुशा सात वर्षांची असल्यापासून या माडीवर वाढली. तिने 'पुन्हा' हा शब्द आईच्या हाकेपेक्षा जास्त वेळा ऐकला असेल. बाईंनी लग्न केलं नव्हतं. यरुशाची जिवणी, कपाळ आणि हाताची लांबसडक बोटं थेट मावशीची. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "कुमुद, तू नुसती वाढवलीस गं, पोरगी हेमलताचीच." बाई वरवर रागवायच्या आणि घरी येईपर्यंत हसत राहायच्या.

मग हातवळण आलं.

हातवळण म्हणजे कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत चढवायची एक पातळ बाही आणि कपाळावर बांधायचा एक पट्टा. एखादा कसलेला वादक वाजवत असतो तेव्हा त्याच्या हाताच्या स्नायूंना मेंदूकडून येणारे विजेचे बारीक हुकूम एका बाहीने टिपून घ्यायचे. कुठलं बोट केव्हा, किती जोराने, शेजारच्या बोटाला किती मोकळं सोडून. शिकणाऱ्याने तशीच बाही घालायची, की तेच हुकूम त्याच्या स्नायूंना मिळतात आणि हात आपोआप कॉर्ड पकडतो. झोपेत पट्टा तोच धडा मेंदूकडून घोकून घेतो, कारण दिवसा शिकलेलं मेंदू रात्रीच पक्कं करतो. महिन्याभरात बाही काढून ठेवायची. हाताला वळण लागलेलं असतं.

आणि ते खरंच लागत होतं. ज्या पोरांना बाईंनी कान नाही म्हणून परत पाठवलं होतं ती वरातीत झकास गिटार वाजवू लागली. हातवळण कधी 'पुन्हा' म्हणत नसे. क्लास हळूहळू ओसरला. कोपऱ्यात गिटारींची रांग लागायची तिथे आता रशीदभाईंनी वाळायला ठेवलेले भोपळे आले.

अशा दिवसांत हातवळण बनवणाऱ्या कंपनीचा ओंकार पोफळे माडी चढून आला. तरुण, गोड बोलणारा, गिटारची जाण असलेला इंजिनिअर. खुर्चीवर न बसता सतरंजीवरच बसला.

"मॅडम, आम्हाला तुमचा हात हवाय," तो म्हणाला. "सध्या सगळी वळणं परदेशी हातांची आहेत. आपल्या मुलांची गाणी त्या हातांना पेलत नाहीत. तुमचा डावा हात आठवडाभर टिपून घेऊ. 'हेमलता' नावानेच देऊ. गावोगावची मुलं तुमच्या हाताने वाजवतील."

 बाईंनी डावा हात पदराखाली घेतला.

गेल्या वर्षापासून त्या हाताची अनामिका ऐकेनाशी झाली होती. भाजी चिरताना, वेणी घालताना, बायबलची पानं उलटताना ते बोट अगदी शहाण्यासारखं वागायचं. गिटारच्या मानेवर गेलं की आत वळायचं, तळहाताकडे, कुणी दोरी ओढावी तसं. दुखत मुळीच नसे. सकाळी बरं असे, दुपारनंतर बिनसत जाई. सगळ्यांत वाईट हाल एफ कॉर्डचे. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं, मधल्या बोटाखाली गंधार, करंगळीखाली सा, आणि अनामिकेखाली जाड तारेवरचा पंचम. बाईंनी तो पंचम गाळायला सुरुवात केली. पहिल्या बोटाच्या टोकाने ती तार दाबून मुकी करायची की झालं. वरच्या बारीक तारेवर हलकासा पंचम असतोच, आणि कान भागवून घेतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट एकजण म्हणाला, टीचर, अलीकडे तुमची कॉर्ड किती हलकी वाटते!

डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. एखादी शीर धरली असेल, वयाचं असेल, अशी मनाची समजूत घातली. खरं तर त्यांना भीती वाटत होती. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट कमावली होती आणि ती हातातून चालली होती.

"हाताला काही त्रास वगैरे?" ओंकारने सहज विचारलं.

"वयाप्रमाणे चालायचंच," बाई म्हणाल्या.

टिपण सकाळच्या वेळी करा, अशी त्यांनी अट घातली. ओंकारला वाटलं, कलावंत आहेत. आठवडाभर त्या वाजवत राहिल्या आणि कंपनीचे जाणकार ऐकत राहिले. कुठे काही बिघडलेलं ऐकू येईना. ऐकू येणार तरी कसं? बाही स्वर टिपत नव्हती. बोटापर्यंत गेलेला प्रत्येक हुकूम टिपत होती, वळणाऱ्या बोटाला दिलेलासुद्धा.

'हेमलता' निघालं आणि बघता बघता पसरलं. कुडाळपासून भंडाऱ्यापर्यंतची मुलं फोटो पाठवायची. बाई ते फोटो मोठे करून फक्त हात बघायच्या. बोटांच्या कमानी त्यांच्या. मनगटाचा बाक त्यांचा. आपला हात आता आपल्याआधी जाणार नाही, हे त्यांना पटलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

यरुशा तेव्हा पुण्याच्या एका संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तयारी करत होती. परीक्षकांसमोर एकटीने वाजवायचं. तिचं सगळं पक्कं होतं, फक्त वेगात कॉर्ड बदलताना हात किंचित जड व्हायचा.

"बाही घालून बघू का गं मावशी? फसवणूक होईल काय ती?"

"कसली फसवणूक? माझाच हात आहे की," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी बाही तिच्या कोपरापर्यंत चढवली. पट्टासुद्धा त्यांनीच बांधला, लहानपणी तिची रिबीन बांधायच्या तसा.

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये यरुशाचं वादन होतं. वेदीपुढे उसाच्या मोळ्या, भोपळे, हळदीचे गड्डे मांडलेले. ती वाजवायला लागली तशी बाईंची मान ताठ झाली. काय तो वेग, काय ती सफाई! मग एफ आली.

जाड तारेवरचा पंचम नव्हता.

त्यांनी यरुशाला पंचम गाळायला कधीच शिकवलं नव्हतं. तिची एफ नेहमी भरलेली असायची, मांडवात सगळे काका हजर. बाई बाकावरून उठून बाजूने पुढे गेल्या. आता बोटं दिसत होती. यरुशाची अनामिका तारेवर जायला निघायची, मध्येच आत वळायची, आणि पहिलं बोट चटकन सरकून ती तार मुकी करायचं. हे सरकणंही बाईंचंच. टाळ्या झाल्या. बायका म्हणाल्या, "डोळे मिटले तर हेमलताच वाजवतेय असं वाटलं."

दुसऱ्या दिवशी बाई डॉक्टर नजमा बागवान यांच्याकडे गेल्या. मेंदूच्या डॉक्टर, आणि एकेकाळी क्लासच्या जिन्यावर बसून खर्ज ऐकलेल्या. बाईंनी एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी स्वतःचं बोट दाखवलं. डॉक्टरांनी त्यांना गिटार वाजवायला लावली, मग तोच हात टेबलावर पसरायला लावला.

"बोटात काहीच दोष नाही, टीचर," त्या म्हणाल्या. "शीर, सांधा, स्नायू, सगळं ठणठणीत आहे. मेंदूत प्रत्येक बोटाचा स्वतःचा एक वाफा असतो. तुम्ही चाळीस वर्षं अनामिका आणि करंगळी जोडीने इतकी राबवलीत, की दोन वाफ्यांमधला बांध वाहून गेला. आता एकीला सोडलेलं पाणी दुसरीत शिरतं. करंगळीला हुकूम गेला की अनामिका वळते. वादकांना होतं हे. एका अर्थी हा आजार नाही. जास्त घोकला गेलेला धडा आहे."

"धडा," बाई म्हणाल्या. "मग तो दुसऱ्याला... शिकवता येतो?"

 'हेमलता' हे नाव डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

"कुणाला झालंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमच्या यरूला. आणखी कुणाकुणाला, ते माहीत नाही."

"सगळ्यांना होणार नाही. पण ज्यांनी रोज बाही घातली, झोपेत पट्टाही बांधला, त्यांना होऊ शकतं. आज थांबलं तर बांध पुन्हा घालता येईल. एकेक बोट, एकेक तार, अगदी हळू. ज्यांना आपण कुठला स्वर शोधतोय हे कळतं त्यांना ते जमण्याची शक्यता आहे. नुसता आकार पाठ असलेल्यांचं मी सांगू शकत नाही."

बाईंनी दवाखान्याच्या जिन्यावरूनच ओंकारला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याच्याही पुतण्याला त्याने तेच वळण दिलं होतं.

"मॅडम, मी वर बोलतो," तो म्हणाला. "पण ते काय म्हणतील तेही सांगतो. तक्रारी थोड्या आहेत. पंचम गाळणं ही तुमची शैली आहे असं आपण म्हणू शकतो. लोक आत्ताच तसं म्हणतायत. तुम्ही गप्प राहिलात तर कंपनी हळूहळू वळण बदलून टाकेल."

हळूहळू! बाईंच्या डोळ्यांसमोर कपाळाला पट्टा बांधून झोपलेली यरुशा आली.

संध्याकाळी त्या कुमुदकडे गेल्या. कुमुद ओसरीत शेंगा फोडत होती. "परीक्षेचं टेन्शन घेतलंय गं तिनं," ती म्हणाली. "हातच दाखवत नाही. तूच बघ की."

यरुशा आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती. गिटार मांडीवर, बाही हातात चढवलेली.

"यरू, आजपासून ही बाही नको घालूस," बाई म्हणाल्या.

"का?"

"नको म्हणते ना मी."

"परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, मावशी. माझं बोट अडतंय, म्हणून तर जास्त वेळ घालतेय." तिने बाही आणखी वर ओढली. "तूच घातलीस की मला. आता काय झालं?"

एवढ्यावर थांबता आलं असतं. मशीनमध्ये दोष निघालाय, असं सांगितलं असतं तर ते खोटंही नव्हतं. यरुशाने बाही काढली असती, मावशीच्या गळ्यात पडून रडली असती, आणि घरात सगळं पूर्वीसारखं राहिलं असतं. बाईंच्या ओठांवर ते वाक्य आलंसुद्धा. पण त्यांना स्वतःलाच ऐकू आलं, की आता त्या गाळायला निघालेला स्वर पंचम नव्हता.

त्यांनी कोपऱ्यातली दुसरी गिटार घेतली आणि एफ धरली. पूर्ण, काहीही न लपवता. अनामिका आत वळली.

यरुशा त्या बोटाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दीड वर्ष."

"म्हणजे टिपण करायच्या आधीपासून."

"होय."

"तुला माहीत होतं?"

"बोट वळतं हे माहीत होतं. ते तुझ्यात येईल हे नव्हतं माहीत. येशूशपथ नव्हतं, यरू."

"पण तू कुणाला विचारलं नाहीस."

"नाही."

"का?"

"विचारलं असतं तर कंपनीने माझा हात घेतला नसता."

यरुशाने बाही काढली. ती ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिने बाहीची नीट घडी घातली आणि मावशीच्या मांडीवर ठेवली. "जा तू," ती म्हणाली. ओसरीत कुमुदने शेंगा फोडायच्या थांबवल्या होत्या. तिनेही मान वर केली नाही.

बाईंनी दुसऱ्या दिवशी रशीदभाईंच्या दुकानात उभं राहून व्हिडिओ केला. आधी बोट दाखवलं, मग सगळं सांगितलं. कंपनीने मला विचारलं होतं आणि मी उत्तर टाळलं, हेही सांगितलं. 'हेमलता' वळण आजच्या आज बंद करा, आणि ज्यांचं बोट वळतंय त्यांनी माडीवर या, मी शिकवीन. दोन दिवसांत कंपनीने वळण काढून टाकलं. माडीवर लोक आले, पण शिकायला नव्हे. एका बापाने जिन्यात उभं राहून बाईंना नाही नाही ते सुनावलं, आणि त्या खालच्या पायरीवर हात जोडून उभ्या राहिल्या. रशीदभाई मध्ये पडायला निघाले तर बाईंनी त्यांना मागे सारलं. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर आता कुणी बसत नसे. ओंकारने नोकरी सोडली की त्याला काढलं ते कळलं नाही. तो मात्र एकदा पुतण्याला घेऊन आला, आणि ते पोरगं खर्ज ऐकायला मुकाट्याने जिन्यावर बसलं. त्यानंतर आणखी थोडी मुलं आली. फार नाही.

यरुशाची परीक्षा झाली नाही. म्हणजे परीक्षा झाली, ती गेली नाही. कुमुदकडून निरोप यायचा बंद झाला. बाई रोज सकाळी माडीवर एकट्या बसून अनामिका जाड तारेवर ठेवायचा प्रयत्न करायच्या. आधी गळ्यातून पंचम, मग बोट. बोट वळायचं. पुन्हा.

आणि एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. ती पावलं बाईंनी डोळे मिटून ओळखली असती. यरुशा आत आली, पाठीवरची गिटार काढली आणि, लहानपणी करायची तशी, आधी कोपऱ्यात उभी केली. मग काय आठवलं कोण जाणे, परत उचलून मांडीवर घेतली. मावशीपासून दूर, सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"डॉक्टर म्हणाल्या इथंच ये म्हणून," ती म्हणाली. "दुसरं कुणी हा धडा ओळखत नाही म्हणे. मी तुला माफ केलेलं नाही."

"नको करूस," बाई म्हणाल्या.

खाली रशीदभाईंनी खर्ज छेडला. यरुशाने डोळे मिटले, तो घुमत असताना आतला पंचम शोधला आणि हलक्या आवाजात गायली. बाईही गायल्या. मग दोघींनी आपापली अनामिका त्याच जाड तारेकडे नेली. दोन्ही बोटं सारख्याच संथपणे निघाली आणि तारेच्या अगदी जवळ जाऊन, एकाच क्षणी, एकाच कोनात, आत वळली. आपलं काहीतरी या पोरीत राहावं असं बाईंना आयुष्यभर वाटत आलं होतं. ते राहिलं होतं. त्यांचा धीर सुटला. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि त्या रडू लागल्या.

यरुशाने त्यांचं रडणं संपायची वाट पाहिली. मावशीकडे न बघता तिने आपलं वळलेलं बोट उजव्या हाताने सरळ केलं.

"पुन्हा," ती म्हणाली.